मुळाशी असलेली अमानत

लावणीच्या दिवसांत राबातून रोपे काढताना कोकणातल्या बाया एक गोष्ट सवयीने करतात. मूठभर रोपे उपटली की मुळांचा गठ्ठा खाचरातल्या पाण्यात दोन-चार वेळा खळबळतात आणि मग मूठ बांधून मागे टाकतात. चिखल गेला की मूठ हलकी होते. वाहायला सोपी, लावताना बोटांतही नीट बसते. लहानपणी मीही बांधावर उभा राहून या मुठी उचलून दिल्या आहेत, आणि त्या धुण्यात काही विचार करण्यासारखे आहे असे मला उभ्या आयुष्यात वाटले नव्हते.

अलीकडे भाताच्या मुळांविषयीचे जे संशोधन वाचनात आले, त्याने मात्र एक प्रश्न डोक्यात शिरला, आणि तो आता शेतीचा प्रश्न राहिलेला नाही. आपण जे पाहून निवडतो त्याची जबाबदारी आपल्यावर असते, हे उघड आहे. पण निवडताना जे दिसतच नव्हते, पाहण्याची सोयही नव्हती, आणि तरीही आपल्या निवडीने जे बदलले, त्याचा हिशेब कुणी द्यायचा? नियत साफ असली म्हणजे माणूस सुटला काय?

आधी मुळांकडे पाहू. मुळाला लगटून असलेल्या मातीचे जग बाकीच्या मातीपेक्षा निराळे असते, हे लोरेन्झ हिल्टनर या जर्मन शास्त्रज्ञाने 1904 सालीच सांगितले आणि त्या पट्ट्याला नावही दिले. भाताच्या बाबतीत कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस येथील विद्यापीठातील अभ्यासकांनी 2015 साली त्याचे तीन थर वेगळे करून दाखवले. मुळाभोवतालची माती हा पहिला, मुळाच्या कातडीचा पृष्ठभाग हा दुसरा आणि मुळाच्या आतला भाग हा तिसरा. प्रत्येक थरात जीवाणूंची वस्ती वेगळी. जसजसे आत जावे तसतशी वस्ती विरळ आणि निवडक होत जाते, जणू प्रत्येक दारावर पहारेकरी बसलेला आहे. आमच्या बाया पाण्यात खळबळून काढतात तो बाहेरच्या ओसरीवरचा गाळ. माजघरातले बिऱ्हाड तसेच राहते.

भात पाण्यात उभा असतो, आणि पाण्याखालच्या चिखलात हवा नसते. म्हणून भाताचे झाड पानांवाटे घेतलेला प्राणवायू आतल्या पोकळ्यांतून खाली मुळांपर्यंत पोचवते. त्यातला थोडा बाहेर झिरपतो आणि मुळाभोवती हवेशीर मातीचे पातळ वेष्टण तयार होते. भाताच्या जुन्या मुळांवर तांबूस गंजासारखा थर दिसतो, तो या झिरपलेल्या प्राणवायूमुळेच. मातीतले लोह तिथे खरोखरच गंजते. एका बाजूला गुदमरलेला चिखल, दुसऱ्या बाजूला हा श्वास, आणि मधल्या सीमेवर दोन्ही प्रकारच्या जीवाणूंची गर्दी. शिवाय झाड आपल्या कमाईतला काही हिस्सा साखरेच्या आणि आम्लांच्या रूपाने मुळांवाटे बाहेर सोडते. याला जकात म्हणण्याचा मोह मला झाला होता. पण जकात देणारा परतफेडीकडे डोळे लावून बसत नाही. झाडाचा हा सरळ व्यवहार आहे. त्या खाण्यावर जगणारे जीवाणू कुजक्या पाचोळ्यातला नत्र झाडाला घेता येईल अशा रूपात आणून देतात, काही हवेतला नत्र बांधतात, काही रोगाच्या जंतूंना दारातच अडवतात. कोणत्या झाडाने किती आणि कसले खाणे बाहेर टाकायचे हे बऱ्याच अंशी त्याच्या बियाण्यात लिहिलेले असते. म्हणजे बियाणे बदलले की पंगतीचे ताट बदलले, आणि ताट बदलले की जेवणारेही बदलणार.

आता बियाणे कसे बदलले ते पाहू. फिलिपाइन्समधल्या लोस बान्योस येथे आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था 1960 साली स्थापन झाली आणि 1966 साली तिने ‘आयआर 8’ हा वाण बाहेर काढला. इंडोनेशियाचा उंच ‘पेटा’ आणि तैवानचा बुटका ‘डी-जिओ-वू-जेन’ यांचा तो संकर. उंच भाताला खत घातले की तो आणखी उंच वाढतो, लोंब्यांच्या भाराने आडवा होतो आणि दाणा पाण्यात कुजतो. बुटका भात खत पचवून उभा राहतो. सुरजित कुमार डे दत्ता या भारतीय शास्त्रज्ञाने तिथे केलेल्या चाचण्यांत नत्राचे खत न देताही आयआर 8 ने हेक्टरी पाच टनांच्या आसपास भात दिला, आणि भरपूर खतावर हे उत्पन्न दुपटीच्या घरात गेले. खत न देताही पाच टन, हे मुद्दाम सांगतो. कारण ‘नवे वाण म्हणजे नुसती खताची चटक’ असे आपल्याकडे सर्रास लिहिले जाते, आणि ते अर्धेच खरे आहे. आपल्या देशात 1968 साली ‘जया’ आला आणि कोकणातल्या खाचरांतही पसरला. दाणा जाड, भाकरीला बरा, पण पोटभर. आयआर 8 चा भात तर थंड झाला की कडक होई. तरी ज्यांनी 1943 चा बंगाल पाहिला होता, किंवा 1966-67 चा बिहार पाहिला होता, त्यांना दाण्याच्या जाडीची तक्रार करावीशी वाटली नसेल.

या बुटकेपणामागची एक हकीकत मला फार विलक्षण वाटते. झाडाची उंची वाढवणारे एक संप्रेरक असते. त्याचा शोध लागला तो भाताच्याच एका रोगातून. रोप वेड्यासारखे उंच वाढते, फिके पडते आणि दाणा न धरता मरते. जपानी शेतकरी त्याला ‘बाकानाए’, म्हणजे खुळे रोप, म्हणत. तैवानात काम करणाऱ्या एइची कुरोसावा यांनी 1926 साली दाखवले, की एक बुरशी काही द्रव्य सोडते आणि त्याने रोप असे वाढते. पुढे ते द्रव्य वेगळे काढले गेले आणि बुरशीच्या नावावरून त्याला ‘जिबरेलिन’ म्हणू लागले. बुटक्या भातात नेमके हेच द्रव्य कमी बनते. त्याला जबाबदार असलेला जनुक 2002 साली नेमका सापडला. म्हणजे ज्या गुणासाठी साऱ्या आशियाचा भात बदलला, त्या गुणाची गुरुकिल्ली भाताला चिकटलेल्या एका सूक्ष्मजीवानेच माणसाच्या हाती दिली होती. आणि नंतर पैदासकारांनी निवड केली तेव्हा सूक्ष्मजीव कुणाच्याच हिशेबात नव्हते.

हिशेबात काय होते? उंची, फुटवे, लोंबीतले दाणे, रोगांना तोंड देण्याची शक्ती, हळवा-निमगरवा-गरवा यातली मुदत. सगळे जमिनीच्या वरचे. वाणांच्या चाचण्या बहुतेक भरपूर खताच्या वाफ्यांतच होत. युरिया ताटात वाढलेलाच आहे, तेव्हा नत्र मिळवून देणाऱ्या जीवाणूंशी एखाद्या रोपाने संबंध तोडले तरी त्याचे काही बिघडत नव्हते. उलट जीवाणूंवर खर्च करण्याचे वाचवून तेच दाण्यात घातले, तर असे रोप चाचणीत पहिलेच येणार. कुणी कट केला नाही. परीक्षेत जो प्रश्न विचारलाच नाही त्याचे उत्तर विद्यार्थी विसरतात, इतकेच.

तसे खरोखर किती झाले? इथे सावध राहायला हवे. मुळाभोवतीची वस्ती ठरवण्यात सर्वांत मोठा वाटा मातीचा असतो. कोणत्या खाचरात, कोणत्या पाण्यावर भात उभा आहे त्याचा. वाणाचा वाटा त्यामानाने लहान असतो, पण तो असतो, आणि पुन्हा पुन्हा दिसतो. गव्हाच्या बाबतीत इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या अभ्यासकांनी 2020 साली उंच आणि बुटक्या वाणांच्या मुळांची तुलना केली, तेव्हा दोहोंभोवतीच्या वस्त्या वेगळ्या निघाल्या. भाताच्या बाबतीत चिनी शास्त्रज्ञांनी 2019 साली जे दाखवले ते अधिक बोलके आहे. त्यांनी भाताच्या दोन मोठ्या घराण्यांतले, इंडिका आणि जॅपोनिका, मिळून 95 वाण शेतात लावून पाहिले. इंडिकाच्या मुळांशी जीवाणूंचे वैविध्य जास्त, आणि त्यांत नत्राशी संबंधित कामे करणारेही जास्त. या फरकाचा बराच भाग एका जनुकाशी जोडलेला निघाला, आणि त्या जनुकाच्या दोन घराण्यांतल्या रूपांत फरक तो किती? त्यापासून बनणाऱ्या प्रथिनात एका कणाचा. इंडिकाकडचे जीवाणू वेगळे वाढवून सेंद्रिय नत्रावर वाढणाऱ्या रोपांना दिले तेव्हा रोपे जॅपोनिकाच्या जीवाणूंपेक्षा चांगली वाढली. आपला कोकणातला भात इंडिका घराण्यातलाच. म्हणजे शेकडो पिढ्यांतल्या न दिसणाऱ्या निवडीने कधी कधी चांगलेही पदरात पडते. जुने सगळे सोने आणि नवे सगळे पितळ, असा निकाल या अभ्यासांतून निघत नाही.

आणखी एक अभ्यास मी इतक्या वेळा वाचला, की आता तो गोष्टीसारखा आठवतो. चीनमध्येच, 2021 साली प्रसिद्ध झालेला. एकच वाण, नाव एक, वंश एक. पण काही भागांत त्याच्यावर रोपांचा एक रोग पडे आणि काही भागांत पडत नसे. वाणात फरक सापडेना. फरक निघाला बियाण्याच्या आत राहणाऱ्या एका जीवाणूत. निरोगी भागातल्या बियाण्यात तो पिढ्यान्‌पिढ्या साठत गेला होता, आईकडून लेकीकडे जावा तसा दाण्यातून दाण्यात जात होता. तो एक साधे द्रव्य सोडतो, त्याने रोगजंतू मरत नाही, पण त्याचे विष तयार होणे थांबते. हा जीवाणू रोगट भागातल्या बियाण्याला दिला, तर तेही रोगाला तोंड देऊ लागले.

आता विचार करा. वाण म्हणजे नेमके काय? आपण कागदावर नाव लिहितो, प्रमाणपत्र देतो, पिशवीवर शिक्का मारतो. पण दोन पिशव्यांत एकच वाण असून एकीत वारसा आहे आणि दुसरीत नाही, असे होऊ शकते. दादी बियाण्याचे भात वेगळे झोडून, उन्हात वाळवून, कणगीत राखेत ठेवायची, आणि दुसऱ्या गावचे बी आणायचे म्हटले की नाक मुरडायची. आम्ही तिला हसायचो. तिला जीवाणू माहीत नव्हते, आणि ती बरोबर होती असेही मी म्हणणार नाही, कारण तिच्या कणगीत रोगही तितक्याच निष्ठेने राखले जात असणार. पण बी म्हणजे नुसता दाणा नाही, त्याच्याबरोबर जागाही येते, ही तिची समजूत आज प्रयोगशाळेच्या दारात उभी आहे.

तर प्रश्न असा, की या सगळ्यात कुणाचे काही चुकले का?

आपल्याकडे असा प्रश्न निघाला की पहिले उत्तर नियतीचे येते. कर्माचा दर्जा हेतूवरून ठरतो, ही शिकवण प्रत्येक मुसलमान मुलाने मदरशात ऐकलेली असते. पैदासकारांचा हेतू भुकेल्याला अन्न देण्याचा होता. बात संपली. दुसरे उत्तर येते ते मदिनेतल्या खजुरांच्या प्रसंगाचे. तिथले लोक नर झाडाचा फुलोरा मादी झाडावर बांधत, म्हणजे कृत्रिम परागीकरण करत. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याबद्दल एक साधे मत व्यक्त केले, लोकांनी ती रीत सोडली आणि त्या वर्षी पीक घटले. तेव्हा प्रेषितांनी सांगितले, की दुनियेच्या अशा कामांतले तुम्हालाच अधिक कळते. हा प्रसंग आपले सुधारक वारंवार सांगतात आणि त्यातून शेतीचे प्रश्न शेतकऱ्याने व शास्त्रज्ञाने सोडवावेत, धर्माने त्यात पडू नये असे निष्पन्न करतात. मला ते मान्य आहे. पण या प्रसंगात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे कुणी फारसे लक्ष देत नाही. पीक घटले हे लोकांनी पाहिले आणि येऊन सांगितले. रीत बदलली, परिणाम मोजला, रीत पुन्हा बदलली. दुनियेचे ज्ञान आपल्याला अधिक असण्याची जी सनद मिळाली, ती पाहण्याच्या अटीवर मिळाली आहे. झाडाच्या शेंड्याकडे पाहिले आणि मुळाकडे पाहिलेच नाही, तर ती सनद अर्धीच वापरली.

त्यावर कुणी म्हणेल, मुळाकडे पाहण्याचे साधन 1966 साली होतेच कुठे? थोडे होते. भाताच्या खाचरातले शेवाळ हवेतला नत्र बांधते, हे पी. के. डे यांनी 1939 सालीच दाखवले होते, आणि बाराव्या शतकात सेव्हिलच्या इब्न अल-अव्वामने शेतीवर जो प्रचंड ग्रंथ लिहिला त्याची सुरुवात मातीपासूनच केली. पण मुळाच्या आत कोण कोण राहते याची नावनिशीवार यादी करणे तेव्हा शक्य नव्हते, हे खरे. बहुतेक मातीतले जीवाणू प्रयोगशाळेतल्या बशीत वाढतच नाहीत. जनुके वाचण्याचे तंत्र स्वस्त झाले तेव्हा कुठे ते दिसू लागले. तेव्हा अज्ञान खरे होते, सोयीचे नव्हते.

इथे मला आपल्या फिकहमधला एक भेद उपयोगी वाटतो. हातून चुकून, ‘खता’ने, मनुष्यवध झाला तर तो खुनाचा गुनाह ठरत नाही. तरीही दियत द्यावी लागते आणि कफ्फाराही. म्हणजे शरियतने दोन हिशेब वेगळे ठेवले आहेत. एक गुन्ह्याचा, तो नियतीवर चालतो. दुसरा भरपाईचा, तो नियत विचारत नाही, कारण ज्याचे माणूस गेले त्याच्या घरातली जागा मारणाऱ्याची नियत चांगली असल्याने भरून येत नाही. आपण एरवी या दोन्हींची गल्लत करतो. नियत चांगली होती एवढे सिद्ध झाले, की भरपाईचा विषयही संपला असे धरून चालतो. आणि उलट बाजूने, भरपाई मागायची तर आधी कुणाला तरी खलनायक ठरवावे लागते असेही समजतो. हरितक्रांतीवरची आपल्याकडची बरीचशी चर्चा या दोन चुकांच्या मध्ये हेलकावे खाते. एक पक्ष शास्त्रज्ञांच्या तसबिरींना हार घालतो, दुसरा त्यांना विकले गेलेले ठरवतो.

आणखी पुढची गोष्ट. चुकून झालेल्या वधाची दियत एकट्या मारणाऱ्याच्या खिशातून जात नाही. ती त्याची ‘आकिला’, म्हणजे भाऊबंदांचा गट, वाटून घेतो. लहानपणी हे ऐकले तेव्हा मला तो अन्याय वाटला होता. ज्यांनी काही केले नाही त्यांनी का भरायचे? आता वाटते, त्यात एक शहाणपण आहे. संरक्षण सगळ्यांनी मिळून उपभोगले, तर चुकीचा भारही सगळ्यांनी मिळून उचलायचा. मग आयआर 8 ची, जयाची आणि त्यांच्या नातवंडा-पतवंडांची आकिला कोण? ज्यांनी तो भात खाल्ला ते सगळे. मी खाल्ला आहे. रेशनच्या तांदळावर माझे शिक्षण झाले. पैदासकार आपले काम करून गेले, पण त्या निवडीचा लाभ माझ्या हाडांत आहे.

मी आलिम नाही आणि हा काही फतवा नव्हे. मालमत्तेच्या नुकसानीला आकिला लागू होत नाही, तिथे ज्याने केले त्यानेच भरायचे असते, हेही मला ठाऊक आहे. मी फक्त विचार करण्याची एक रीत उसनी घेतो आहे.

पण भरपाई कुणाला? जीवाणूंना? इथे भावनेच्या भरात काहीही लिहिता येते, म्हणून सरळ सांगतो: जीवाणूला हक असतो असे मला वाटत नाही. आणि सगळे जीवाणू पुण्यवानही नसतात. भाताच्या त्याच चिखलात मिथेन वायू बनवणारे सूक्ष्मजीव राहतात, मुळांनी टाकलेल्या साखरेवरच ते पोसतात. माणसाच्या कामांतून हवेत जाणाऱ्या मिथेनचा आठ ते दहा टक्के भाग भातशेतीतून येतो आणि पृथ्वी तापवतो. 2015 साली शास्त्रज्ञांनी बार्लीचा एक जनुक भातात घालून असे रोप बनवले, की जे साखर मुळांऐवजी दाण्यांकडे अधिक वळवते. मिथेनवाले उपाशी राहिले आणि वायू घटला. दुसऱ्या एका अभ्यासात 2017 साली दिसले, की सेंद्रिय द्रव्य भरपूर असलेल्या मातीत जास्त उत्पन्न देणारे नवे वाण मिथेन कमीच सोडतात, कारण त्यांची भरघोस मुळे प्राणवायू जास्त पोचवतात आणि मिथेन खाणारे जीवाणू वाढतात. म्हणजे पंगतीतून कुणाला उठवायचे आणि कुणाला बसवायचे, हा प्रश्नही आपल्याच गळ्यात येणार. ‘निसर्गात ढवळाढवळ नको’ असे म्हणून सुटका नाही. भात हीच मुळी हजारो वर्षांची ढवळाढवळ आहे. आमच्याच कोकणात पूर्वज राब भाजत आले आहेत. शेण, कवळ, पाचोळा पसरून जमिनीचा वरचा थर जाळायचा आणि त्या राखेत बी पेरायचे. तण मरते, रोप जोमदार येते, पण त्या आगीत वरच्या थरातल्या किती जीवांची होळी होत असेल याचा विचार त्यांनीही केला नव्हता.

देणे असलेच तर ते पुढच्या माणसाला आहे. जो उद्या हे खाचर कसणार, ज्याला कदाचित युरिया परवडणार नाही किंवा मिळणारच नाही, त्याला. जमिनीच्या बाबतीत आपल्याकडे वक्फची कल्पना आहे. मूळ मालमत्ता हलवायची नाही, तिचे उत्पन्न खायचे. मुतवल्लीला उत्पन्नावर अधिकार आहे, मूळावर नाही. माती आणि बियाणे यांच्या बाबतीत आपण सगळेच मुतवल्ली आहोत, आणि आपण मूळ नेमके किती होते हे न मोजताच उत्पन्न खात आलो.

बियाण्याचे मूळ जपण्याचा प्रयत्न झाला, तो मोठाही होता. त्याच आंतरराष्ट्रीय संस्थेच्या बीजपेढीत आज 1,30,000 हून अधिक नमुने उणे 20 अंशांत ठेवलेले आहेत. त्याचा उपयोग काय ते एकदा ठळकपणे दिसले. 1970 च्या सुमारास भातावर खुरटेपणाचा एक विषाणूजन्य रोग पसरला, तेव्हा सहा हजारांहून अधिक नमुने तपासल्यावर फक्त एका जंगली भातात प्रतिकारशक्ती सापडली. तो भात आपल्या उत्तर प्रदेशातला होता. बांधावरचे गवत म्हणून कुणीही उपटून फेकले असते असे ते रोप. पण पेढीत बी स्वच्छ करून, वाळवून ठेवतात. बी ज्या मातीत वाढले ती माती, तिच्यातली वस्ती, त्या पेढीत जात नाही, आणि बियाण्याच्या आतले पाहुणे इतक्या वर्षांच्या थंडीत किती टिकतात हा वेगळाच विषय. अमानत ठेवली, पण निम्मी. उरलेली निम्मी ठेवायची एकच जागा आहे: शेत. तिथे दरवर्षी पेरावे लागते, आणि तोटा सोसावा लागतो.

तो तोटा कुणी सोसायचा, यावर गाडी अडते. गरीब शेतकऱ्याला ‘तू जुने बी जप’ असे सांगणे म्हणजे दुसऱ्याच्या ताटातून दान करणे आहे. शहरात राहून जुन्या लाल भाताच्या आठवणी काढणारे माझ्यासारखे लोक हे नेहमी करतात. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने रायगडच्या खाडीकाठचे ‘काळा रता’ आणि ‘भुरा रता’ हे जुने खारे वाण निवडून शुद्ध केले, ते चांगलेच झाले. पण निवडून शुद्ध केलेला वाण आणि गावात घरोघर थोडा थोडा वेगळा चालत आलेला वाण, यांत पुन्हा तेच अंतर.

आमचे खाचर खाडीच्या बांधाला लागून आहे. अब्बांच्या मागे काही वर्षे ते पडीक राहिले. धाकटा भाऊ कुवेतला, मी मुंबईत, गावातल्या बहुतेक मुस्लिम घरांची हीच कथा आहे. आता शेजारच्या वाडीतला एक शेतकरी अर्धेलीने कसतो. गेल्या मे महिन्यात तो विचारायला आला, “भाई, यंदा कुठले बी आणू?” दरवर्षी मी म्हणायचो, तुम्हाला बरे वाटेल ते. यंदा म्हटले, चार खाचरांत तुमच्या मनाचे लावा, पण कोपऱ्यातले बांधालगतचे छोटे खाचर रत्याला ठेवू, आणि त्यात युरिया घालायचा नाही. बी खाडीपलीकडच्या गावात एका म्हातारीकडे निघाले, तिने दोन पायली दिले आणि पैसे घ्यायला नको म्हणाली. पुढच्या वर्षी तेवढेच परत करा, म्हणाली.

आमचा शेतकरी थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “पेंढा येईल भरपूर, भात यायचा नाही तेवढा. वाटणी कशी करायची?”

मी म्हटले, जयाच्या हिशेबाने तुमचा अर्धा वाटा होईल तो पुरा घ्या, कमी पडेल ते माझ्या वाट्यातून.

“मग हरकत नाय,” तो म्हणाला. “पण आधी बांधाचं बघा. दोन ठिकाणी फुटलाय. खारं पाणी आत आलं तर तुमचा रतापण नाय टिकायचा.”